डोक्याला मुका मार लागल्यावर: ‘बरं वाटतंय’ आणि ‘जमतंय’ यांचा वेगळा हिशोब

गेल्या वर्षी जूनमध्ये, शाळा उघडायच्या आठवड्यात, लेकीच्या वह्या आणि खाकी कव्हरं घ्यायला ठाण्यात नौपाड्यातल्या एका दुकानात गेले होते. रात्रीचे साडेनऊ वाजलेले. दुकानदाराने शटर अर्धं ओढलं होतं. मी पिशवी सावरत वाकून बाहेर पडले आणि जरा लवकरच सरळ उभी राहिले. टाळू शटरच्या पट्टीवर आदळली. चूक माझीच. रक्त नाही, बेशुद्धी नाही. क्षणभर डोळ्यांपुढे पांढरं झालं, एवढंच. पुढच्या पंधरा मिनिटांत मी ‘कव्हरं घेतली ना?’ असं तीनदा विचारलं म्हणे. मला एकदाही आठवत नाही.

सीटी स्कॅन नॉर्मल आला. ‘काही झालेलं नाही, दोन दिवस आराम करा’ असं सांगून घरी पाठवलं. मी दोन दिवस आराम केला. नवव्या दिवशी भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, मेथी तीस, टोमॅटो वीस, कोथिंबीर दहा. आणि मला बेरीज येईना. मी ऐरोलीच्या एका कंपनीत गेली सोळा वर्षं अकाउंट्स बघते. पन्नासची नोट हातात धरून नुसती उभी राहिले. मावशीच म्हणाल्या, ‘ताई, राहू दे, उद्या द्या.’

त्या दिवसापर्यंत ‘बरं वाटतंय का?’ असं जो विचारेल त्याला मी ‘हो, एकदम’ म्हणत होते, आणि ते खोटं नव्हतं. डोकं फारसं दुखत नव्हतं. पण वाटणं हे एक खातं आणि जमणं हे दुसरं. दोन्ही एकाच वहीत मांडली तर ताळा लागत नाही. मला ते उशिरा कळलं, तुम्हाला पहिल्या आठवड्यात कळावं म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही. उपचार काय घ्यायचे ते तुमचे डॉक्टर ठरवतील. रोजच्या आयुष्यातली सुधारणा घरच्या घरी मोजायची कशी आणि ते आकडे डॉक्टरांपुढे ठेवायचे कसे, तेवढंच इथे आहे.

आधी हे वाचा, वही नंतर

मार लागल्यावर पुढचं काहीही दिसलं तर मोजत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळच्या आपत्कालीन विभागात न्या: पुन्हा पुन्हा उलट्या, वाढतच जाणारी डोकेदुखी, आकडी, जीभ जड होणं, हात किंवा पाय लुळा पडणं, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, उठवूनही नीट जाग न येणं, वाढता गोंधळ, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव किंवा रक्त. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लक्षणं नसली तरी दाखवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर ‘थोडंसंच लागलंय’ हे वाक्य घरात उच्चारूच नका. पहिल्या दोन दिवसांत दुखण्यावरची गोळीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

‘डोक्याला लागलंय, झोपू देऊ नका’ हे आमच्या सासूबाईंनी रात्रभर ऐकवलं. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर झोप हवीच असते. सोबत कुणीतरी असावं आणि सांगितलं असेल तसं अधूनमधून बघावं, इतकंच.

सीटी नॉर्मल, मग बेरीज का येत नाही? सीटीत दिसतो रक्तस्राव आणि हाडाची मोड. कन्कशनमध्ये, म्हणजे हादऱ्याने मेंदूचं काम काही काळ बिघडतं त्यात, बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. हादरा बसल्याने मेंदूच्या पेशींच्या आतबाहेरचा क्षारांचा तोल बिघडतो. तो सावरायला पेशींना जास्त ऊर्जा लागते आणि नेमका तेव्हाच पुरवठा अपुरा पडतो. इमारत शाबूत असते, पण लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे एकाच छोट्या जनरेटरवर चाललेले असतात. फोटोत इमारत छानच येते.

पहिले दोन दिवस

पहिले २४ ते ४८ तास सबुरीचे. अंधाऱ्या खोलीत पडून राहायची पद्धत आता मागे पडली आहे. खेळाडूंच्या कन्कशनवर जगभरच्या तज्ज्ञांची जी परिषद २०२२ साली अ‍ॅमस्टरडॅमला भरली, तिनेही कडक विश्रांती फायद्याची नाही असंच म्हटलं. घरातल्या घरात वावर आणि बेताचं चालणं चालतं. मोबाइल आणि टीव्ही मात्र या दोन दिवसांत कमी. दारू नाही. गाडी चालवणं नाही. मोजमाप सुरू करायची घाईही नाही. फक्त तारीख, वेळ, कशावर आपटलं आणि आधीचं-नंतरचं किती आठवत नाही, एवढं कुणाला तरी लिहून ठेवायला सांगा. पुढे प्रत्येक डॉक्टर हेच विचारतात, आणि तोवर घरातल्या प्रत्येकाची गोष्ट वेगळी झालेली असते.

पाच कामं निवडा, आणि ती तुमचीच हवीत

शाळेच्या त्या वह्यांतली एक शंभरपानी मी उचलली. सुरुवातीला पानभर तक्रारी लिहिल्या: डोकं दुखतं, गरगरतं, चिडचिड होते. चार दिवसांनी वाचलं तर त्यातून काहीच निघत नव्हतं. मग ज्या फिजिओथेरपिस्टकडे मान दाखवायला जात होते, त्यांनी एक साधी पद्धत सांगितली. १९९५ साली कॅनडात तयार झालेली ही मोजपट्टी आहे, ‘पेशंट-स्पेसिफिक फंक्शनल स्केल’ नावाची. नाव लांबलचक असलं तरी काम सोपं. दुखण्यामुळे जी अडली आहेत अशी तीन ते पाच कामं रुग्णाने स्वतः निवडायची आणि प्रत्येकाला ० ते १० गुण द्यायचे. शून्य म्हणजे अजिबात जमत नाही. दहा म्हणजे लागण्याआधी जमायचं तसंच. मुळात ती पाठ, मान, गुडघ्यांच्या रुग्णांसाठी होती, पण डोक्याच्या मारालाही छान लागू पडते, कारण काय मोजायचं ते तुम्ही ठरवता.

निवड नीट झाली तर अर्धं काम झालं. माझी पहिली यादी अशी होती: घरकाम, ऑफिस, प्रवास, वाचन, लोकांत मिसळणं. वाया गेलेली यादी. ‘घरकाम’ला गुण कसे देणार? भांडी आवरणं आणि चार माणसांचा स्वयंपाक एकत्र मोजता येत नाही. कामं अशी हवीत की ती सुरू होतात आणि संपतात, आठवड्यातून दोनतीनदा करावीच लागतात आणि बघणाऱ्यालाही दिसतात. दुसरी यादी ही:

१. भाजी घेऊन मनात हिशोब करून सुटे पैसे देणं.
२. एका गॅसवर भाजी, दुसऱ्यावर पोळ्या, आणि मध्येच फोन आला तर बोलून परत येणं.
३. बँकेचं रिकन्सिलिएशन, म्हणजे आमच्या वहीतले आणि बँकेतले आकडे जुळवणं, एका बैठकीत.
४. ठाणे स्टेशनवरून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून ऐरोलीला उतरणं.
५. रात्री लेकीची गणितं घेणं, न ओरडता.

पाचवं हास्यास्पद वाटेल. पण तिथेच सगळ्यात आधी उतरण दिसली आणि सगळ्यात शेवटी चढण. संध्याकाळपर्यंत दिवसभराची शिल्लक संपलेली असायची, आणि ते लेकीच्या वाट्याला यायचं.

यादीत सरमिसळ ठेवा. एक काम अंगमेहनतीचं, एक नुसत्या डोक्याचं, एक गर्दी-आवाजाचं, एक दोन गोष्टी एकदम सांभाळायचं, एक माणसांशी वागायचं. कन्कशननंतर बहुधा एकेकटी कामं लवकर परत येतात. जोडकामं रेंगाळतात. नुसती पोळी मला दुसऱ्या आठवड्यात जमत होती. पोळी आणि फोन एकत्र, सहाव्या आठवड्यात. रिक्षा चालवणाऱ्याची यादी वेगळी निघेल, आजोबांची वेगळी. आमच्या इमारतीतल्या एका काकांनी ‘मासुंदा तलावाला एक फेरी मारताना मित्राशी राजकारणावर बोलणं’ असं लिहिलं होतं. उत्तम निवड. चालणं, वाद घालणं आणि वाटेतली माणसं चुकवणं, तिन्ही एकदम.

दहा म्हणजे नक्की किती?

इथे बहुतेकांची गडबड होते, माझीही झाली. लागल्यानंतर आपण आधीच्या स्वतःला फार थोर समजू लागतो. पूर्वी माझं कधीच डोकं दुखायचं नाही, मी काही विसरायचे नाही, अशी आपली खात्री असते. संशोधकांनाही हे ठाऊक आहे. डोक्याला मार बसलेली माणसं आपली आधीची तब्येत होती त्यापेक्षा चांगली सांगतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. तोटा असा की दहाची पायरी उगाच उंच होते आणि तुम्ही कायम सातावर अडकून राहता.

उपाय एकच, साक्षीदार. मी यांना आणि सासूबाईंना वेगवेगळं विचारलं, ‘पूर्वी मी पोळ्या करताना फोन आला तर काय व्हायचं?’ सासूबाई म्हणाल्या, ‘तेव्हाही एखादी करपायचीच की.’ झालं. दहाची व्याख्या लिहिली: पाच मिनिटं फोन, एखादी पोळी करपली तर चालेल. गणितांबद्दल लेकीचं म्हणणं असं पडलं की मी पूर्वीही आठवड्यातून एकदा तरी ओरडायचेच. तेही लिहिलं, जरा नाराजीने. प्रत्येक कामापुढे अशी एका ओळीची व्याख्या लिहा, आणि पहिल्या दहा दिवसांतच लिहा. नंतर आठवणीला मुलामा चढत जातो.

खर्चाचा रकाना

आता मुख्य गोष्ट. काम झालं की नाही हे विचारून भागत नाही. ते किती रुपयांना पडलं, ते विचारायचं.

आम्ही हिशोबवाले जमा आणि नावे अशा दोन बाजू लिहितो. काम झालं ही जमा बाजू. त्यासाठी डोक्याने काय किंमत मोजली ही नावे बाजू. घरच्यांना फक्त जमा दिसते. ‘ऑफिसला जाऊन आली की, छान आहे.’ नावे बाजू रात्री नऊला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडते, तेव्हा बघायला कुणी नसतं.

म्हणून कामाच्या ओळीत चार छोटे आकडे: सुरू करताना त्रास किती, संपताना किती, तासाभराने किती, दुसऱ्या सकाळी किती. त्रास म्हणजे डोकेदुखी, गरगर, डोळ्यांवरचा ताण, जे तुमचं मुख्य असेल ते, ० ते १० मध्ये. इथे शून्य म्हणजे काहीच त्रास नाही. गुणांच्या उलट दिशा आहे, गल्लत करू नका. मी त्रास लाल पेनाने लिहायचे.

माझ्या वहीतलं चौथ्या आठवड्यातलं एक पान जसंच्या तसं (‘रिको’ म्हणजे ते बँकेचं रिकन्सिलिएशन):

‘मंगळवार. रिको, ४० मिनिटं. आधी २. संपताना ५. तासाने ४. रात्री गणितं घेतली नाहीत, दार आपटलं. सकाळी ३. गुण ६.’

जमा बाजू बघा: चाळीस मिनिटं सलग काम केलं, आकडे जुळले, शाबासकी. नावे बाजू बघा: त्रास तीनने चढला, तासाभरानेही उतरला नाही, संध्याकाळ गेली, सकाळही कर्जात उघडली. त्या अ‍ॅमस्टरडॅमच्या परिषदेतला एक नियम इथे फार कामाचा आहे. दहाच्या पट्टीवर त्रास दोनपेक्षा जास्त वाढू नये, आणि जेवढा वाढेल तेवढाही तासाभराच्या आत जागेवर यावा. एवढी वाढ सौम्य समजतात, तिला घाबरून काम सोडायचं नाही. त्याच्या पुढे गेला तर त्या दिवशीचा डोस जास्त झाला.

गुरुवारी तेच काम, ‘२५ मिनिटं. आधी २. संपताना ३. अर्ध्या तासाने २. सकाळी २. गुण ६.’ गुण तेवढेच, पण हे २५ परवडले. पुढचे पाच दिवस २५ च, मग ३०. मला वाटायचं ढकलत राहिलं की वाढतं. वहीने दाखवलं की मंगळवारसारखा एक दिवस पुढचे दीड दिवस खातो. आणि उलटही दाखवलं. एका आठवड्यात भीतीपोटी मी संगणकच उघडला नाही, तर पुढच्या सोमवारी १५ मिनिटांतच त्रास पाच लिहावा लागला.

स्टेशन गाठण्याचा जिना

एखादं काम तीनच्या वर सरकतच नसेल तर ते एक काम नसतं, सहासात कामांचं गाठोडं असतं. ते सोडवा. माझं चौथं काम, ठाण्याहून ऐरोली, कागदावर क्षुल्लक. मध्ये एक दिघा गाव, की ऐरोली. गाडीत दहाएक मिनिटं. पण त्याआधी आहे गोखले रोडचा हॉर्न, सॅटिसवरच्या, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उंच पुलावरच्या, बसगाड्या, पुलावर समोरून अंगावर येणारा लोंढा, डावीकडे-उजवीकडे सतत मान वळवणं, इंडिकेटर वाचणं, आणि वरून घोषणा. मेंदूला हे सगळं एकदम गाळून घ्यावं लागतं. पहिल्यांदा गेले तेव्हा पुलाच्या मधोमध कठड्याला धरून उभी राहिले. पायऱ्या हलत होत्या. बाजूने जाणारी एक बाई म्हणाली, ‘मावशी, उपाशी आहात का?’

मग असे टप्पे पाडले. सकाळी सातला तलावपाळीला, म्हणजे मासुंद्याला, एक फेरी, वाहनं कमी असताना. मग तीच फेरी संध्याकाळी. मग दुपारी बाराला स्टेशनपर्यंत जाऊन परत, गाडी न पकडता. मग दुपारी पूल ओलांडून फलाटावर दहा मिनिटं बसणं. मग दुपारच्या रिकाम्या गाडीने ऐरोली आणि लगेच परत, सोबत हे. मग एकटी. मग सकाळी अकराची. सर्वांत शेवटी नऊची. प्रत्येक टप्पा दोनदा परवडला, म्हणजे नावे बाजू दोनच्या आत राहिली, की पुढचा. पूर्ण जिना चढायला मला सव्वा महिना लागला. मधल्या काळात टोपी घातली आणि कानात मऊ बोळे घातले, पण फक्त पुलावर. घरातही गॉगल आणि बोळे वापरत राहिलं तर उजेड-आवाज जास्तच टोचायला लागतात, असं फिजिओंनी बजावलं होतं.

दुचाकी आणि गाडी या जिन्यात धरू नका. ते डॉक्टरांनी ‘हो’ म्हटल्यावरच. माजिवड्याच्या पुलाखाली प्रतिक्रियेची चाचणी घेण्यात शहाणपण नाही.

कधी लिहायचं आणि किती फरक खरा मानायचा

खर्चाचा रकाना त्या त्या दिवशी. पाचही कामांचे सरासरीत धरायचे गुण मात्र आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. माझा रविवार सकाळी, चहानंतर. रात्री दिलेले गुण नेहमी दीड-दोनने कमी येतात. पाळी, जागरण, सर्दी, पावसात दोन तास अडकणं असं काही असेल तर बाजूला एक शब्द टाका.

एका कामाचे गुण पाचाचे सहा झाले म्हणून पेढे वाटू नका. या मोजपट्टीत एकट्या कामाचा साधारण तीन गुणांचा आणि सगळ्या कामांच्या सरासरीचा दोन गुणांचा फरक पडला तरच तो खात्रीचा समजतात. त्याखालची चढउतार म्हणजे मोजणाऱ्याचा हात हलणं. माझी सरासरी पहिल्या रविवारी ३.२ होती. मग ३.८, ३.४, ४.६. तिसऱ्या रविवारी मी रडले, ‘मागे जातेय’ म्हणून. हिशोबात सोळा वर्षं घालवूनही ४० पैशांच्या फरकावर रडले.

तक्रारींची यादी वेगळी ठेवा

वाटण्याचं खातं बंद करायचं नाही, फक्त वेगळं ठेवायचं. त्यासाठी ऑक्सफर्डच्या रिव्हरमीड पुनर्वसन केंद्राच्या नावाची एक प्रश्नावली डॉक्टरमंडळी वापरतात. १६ तक्रारी आहेत: डोकेदुखी, चक्कर, मळमळ, आवाजाचा त्रास, झोप, थकवा, चिडचिड, उदासी, वैताग, विसरणं, लक्ष न लागणं, विचाराला वेळ लागणं, अंधूक दिसणं, उजेडाचा त्रास, दोन-दोन दिसणं, अस्वस्थता. प्रत्येकीला मागच्या २४ तासांसाठी ० ते ४ गुण, लागण्याआधीच्या मानाने. त्यातला १ विचित्र आहे. त्याचा अर्थ ‘आहे, पण पूर्वीही एवढंच होतं’. बेरजेत तो धरत नाहीत. मला चष्म्यामुळे वर्षानुवर्षं जी संध्याकाळची डोकेदुखी होती, ती या एकाने वेगळी पडली, फार बरं झालं. पंधरा दिवसांतून एकदा भरली तरी पुरे. रोज भरली तर माणूस दिवसभर आपलीच नाडी धरून बसतो, आणि शोधलं की सापडतंच.

तपासणीत डॉक्टर कदाचित बाहेरची खरेदी एकट्याने करता का, एकट्याने प्रवास करता का, कामावर गेलात का, असं ठरावीक पद्धतीने विचारतील. ती ग्लासगोची आठ पायऱ्यांची पट्टी असू शकते. मोठ्या दुखापतींसाठी ती चांगली, पण तिची पहिलीच पायरी मृत्यू आहे. आपल्यासारखे सगळे वरच्या दोनतीन पायऱ्यांवर दाटीवाटीने उभे. तिथे ‘चांगली सुधारणा’ असं लिहून आलं तर कागद चुकीचा नाही, पट्टी ढोबळ आहे. अशा वेळी वही पुढे करायची.

दुसऱ्याचे डोळे

महिन्यातून दोनदा घरातल्या एका माणसाला तुमचे गुण न दाखवता त्याच पाच कामांना गुण द्यायला सांगा. आमच्याकडे हे करायचे. प्रवासाला मी ४ दिले, यांनी ७, कारण त्यांना मी घरी सुखरूप आलेली दिसायची. गणितांना मी ७, यांनी ३. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो. जिथे तुमचे गुण बरेच कमी, तिथे नावे बाजू घरच्यांना सांगितलेली नाही. जिथे तुमचे जास्त, तिथे तुम्हाला स्वतःचं दिसत नाही. चिडचिड बहुधा या दुसऱ्या खणात सापडते.

ऑफिसला काय सांगायचं

‘बरं नाही’ या कारणावर सहानुभूती चार दिवस टिकते. आकड्यांवर जास्त टिकते. मी डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली तेव्हा वही दाखवून त्यात नेमकं लिहून घेतलं: दोन आठवडे रोज चार तास, दर २५ मिनिटांनी ५ मिनिटं पडद्यापासून दूर, सकाळी अकरानंतर हजेरी, महिनाअखेरचं क्लोजिंग दुसऱ्याकडे. वरिष्ठांना नुसता ‘हलकं काम द्यावं’ हा शब्द कळला नसता. अकाउंट्समध्ये हलकं काम नसतंच.

आकडा हलेना तेव्हा

बरेच जण दोन-चार आठवड्यांत सावरतात. चार आठवडे उलटूनही वही जागची हलत नसेल तर तीच घेऊन परत जा, आणि ‘अजून त्रास आहे’ असं मोघम सांगू नका. नमुना सांगा, कारण नमुन्यावरून दार ठरतं.

अंथरुणात कूस बदलली किंवा वर माळ्याकडे बघितलं की खोली काही सेकंद गरागरा फिरते? हे कानातल्या तोलाच्या कणांचं दुखणं असू शकतं. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा तोलाचं काम करणारे फिजिओ डोकं ठरावीक पद्धतीने वळवून ते बऱ्याचदा एकदोन बैठकांत घालवतात. लोक महिनोन्‌महिने गोळ्या खात बसतात, त्याचं वाईट वाटतं. मान वळवली की दुखणं कवटीच्या मागून चढतं? मग मान तपासून घ्या. हादरा मानेलाही बसलेला असतो. वाचताना ओळ सुटते, तर डोळ्यांचं एकत्र काम बघायला हवं.

गोळ्यांचेही दिवस मोजा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस अशी काही महिने घेतली तर गोळीच डोकेदुखी धरून ठेवते. मिश्र गोळ्यांना ही मर्यादा १० दिवसांची आहे. सातव्या आठवड्यात मी मोजलं तर महिन्यात १३ दिवस निघाले होते. मला वाटत होतं पाचसहा.

आणि चार-पाचही कामांचे गुण एकदम घसरले, झोप उडाली, काहीच करावंसं वाटेना, तर ते मनाचं असू शकतं. म्हणून ते खोटं ठरत नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानस, १४४१६, सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

गोविंदा आणि शाळकरी पोरं

ठाण्यात हा विषय टाळता येत नाही. शेजारच्या इमारतीतला मुलगा सरावात चौथ्या थरावरून घसरला. तीन आठवड्यांवर दहीहंडी. ‘काकू, डोकं अजिबात दुखत नाय,’ हे त्याचं एकमेव मोजमाप. त्याला विचारलं, क्लासमध्ये दीड तास लक्ष लागतं का? गप्प बसला.

मुलांच्या बाबतीत क्रम पक्का आहे: आधी शाळा पूर्ववत, मग खेळ. खेळाच्या सहा पायऱ्या धरतात: रोजचा हलका वावर, हलका व्यायाम, त्या खेळाच्या एकट्याने करायच्या हालचाली, धक्का नसलेला सराव, डॉक्टरांच्या परवानगीनंतर पूर्ण सराव, मग सामना. प्रत्येक पायरीला निदान २४ तास. त्रास वाढला तर एक पायरी खाली. थर लावणं हे पाचव्या पायरीत येतं. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर प्रकरण गंभीर होऊ शकतं, म्हणून इथे मी नेहमीसारखी समजूतदार राहत नाही. तो त्या वर्षी खाली उभा राहून दोर धरत होता. माझ्यावर अजून रागावलेला आहे.

वही बंद कधी करायची

सरासरी नऊच्या आसपास सलग तीन रविवार आली, आणि नावे बाजू आठवडाभर दोनच्या आत राहिली, की थांबा. दहाची वाट बघू नका. मी अकराव्या आठवड्यात थांबले तेव्हा चार कामं नऊ-दहावर होती आणि सकाळी नऊची गाडी आठ गुणांवर. ती अजूनही आठवरच आहे, पण त्या गाडीला पूर्ण गुण देणारा माणूस ऐरोलीत मला भेटलेला नाही.

शेवटच्या पानावर पाच कामं, त्यांच्या व्याख्या आणि शेवटचे गुण स्वच्छ अक्षरात लिहा. पुन्हा कधी डोक्याला लागलं तर ‘आधी कसं होतं’ याचा तो एकमेव खरा दाखला असेल. माझी वही सीटीच्या फिल्मसोबत त्याच मोठ्या पाकिटात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. कुठे आहे ते यांना आणि लेकीलाही सांगून ठेवलंय, कारण लागेल तेव्हा मला आठवेलच असं नाही.